नेमानीला बघायला आलेले

आम्ही निघालो होतो ते अगदी साध्या कामाला. नेमानी चार महिन्यांचा झाला होता आणि त्याला माझ्या आईच्या गावी, लाऊ बेटांमधल्या वुनिवासाला, नेऊन दाखवायचं होतं. पहिलं मूल झालं की बापाकडच्यांनी ते आईच्या गावी न्यायचं, चटया अंथरायच्या, देवमाशाचा दात पुढे ठेवून चार शब्द बोलायचे, आणि मग मुलाच्या तोंडावरचं फडकं काढायचं. तोवर त्या गावच्या जमिनीला मुलाला टेकवायचं नाही, तिथलं पाणी त्याच्या अंगावर घ्यायचं नाही. का, ते कुणी विचारत नाही. दार वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, तसंच ते.

माझी आई गेली त्याला सहा वर्षं झाली. वुनिवासात आता तिची मोठी बहीण होती, अकानिसी मावशी. मी राजधानीत, सुव्यात वाढलेली. सहा वर्षांची असताना एकदा गावी गेले होते, तेवढंच. दात वेरेमोच्या काकांनी दिला होता. पिवळट, हातांच्या तेलानं गुळगुळीत झालेला, तळहाताहून मोठा. वेरेमो म्हणजे माझा नवरा, कांदावू बेटावरचा. तो पॅटबाईंच्या शिडाच्या बोटीवर कामाला होता आणि मी त्याच बोटीवर स्वयंपाक करायची. पॅटबाई न्यूझीलंडच्या. सगळं आयुष्य नर्स म्हणून काढलेलं, नवरा वारलेला, आणि आता दर थंडीत आमच्या बेटांमधून फिरायचं, हेच त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "महिन्यातून एकदा येणाऱ्या जहाजाची वाट कशाला बघता? मला तिकडे जायचंच आहे. पोराला घ्या आणि चला."

सगळे खुशीत होते. मीच नव्हते.

नेमानी कुणाकडे बघायचा नाही. दिव्याकडे बघायचा, हलणाऱ्या शिडाकडे बघायचा. पण माणसाच्या तोंडाकडे नाही. मी माझं तोंड अगदी त्याच्या नाकाशी नेलं तरी त्याची नजर माझ्या गालावरून घसरून जायची, शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरतो तशी. हसायचाही नाही. सुव्याच्या दवाखान्यातल्या नर्सनं एक चिठ्ठी लिहून दिली होती: सहा महिन्यांपर्यंत वाट बघा, मग मोठ्या इस्पितळात न्या. ती चिठ्ठी मी त्याच्या लंगोटांच्या पिशवीत तळाला दडवून ठेवली होती. वेरेमोला सांगितलं नव्हतं. पॅटबाईंना सांगायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्या लाल चमचा घेऊन नेमानीच्या डोळ्यांसमोरून इकडून तिकडे फिरवत बसल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि चमचा मुकाट्यानं धुऊन ठेवला.

ज्याला कुणाचंच तोंड दिसत नाही, त्याचं तोंड मी गावाला काय दाखवणार होते? मावशी त्याला मांडीवर घेईल, "बघ रे माझ्याकडे" म्हणेल, आणि सगळा गाव बघत असताना हा पलीकडच्या भिंतीकडे बघेल. रात्र रात्र माझ्या डोळ्यापुढे हेच यायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला.

"वुनिवासा चार तासांवर आहे," पॅटबाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या. "पण पोचेपर्यंत सूर्य डोळ्यांवर येईल. पाण्याखालचं प्रवाळ दिसणार नाही. मला या वयात बोट फोडून पोहायची हौस नाही. इथं आत एक खाडी आहे, नासेले. समोर छोटं बेट आहे, आडोसा चांगला. रात्र इथं काढू, उद्या सूर्य वर आला की निघू."

"गाव आहे का?" वेरेमोनं विचारलं.

"नकाशावर तरी नाही."

खाडी शांत होती. इतकी शांत, की नांगराची साखळी खाली गेली तो आवाज डोंगराला लागून परत आला. किनाऱ्यावर नारळ, त्यामागे काळपट हिरवी झाडी, एकही छप्पर नाही, एकही धूर नाही. पॅटबाईंनी सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली यंगोनाच्या मुळ्यांची, कुटून पाण्यात कालवून पितात त्यांची, जुडी बाहेर काढली. ज्या गावापुढे नांगर टाकायचा तिथल्या मुख्याला आधी ही जुडी नेऊन द्यायची, मग बाकीचं. हे त्या आमच्यापेक्षा काटेकोर पाळायच्या.

"ही कुणाला द्यायची इथं?"

"बकऱ्यांना द्या," वेरेमो म्हणाला. "लाऊकडच्या बेटांवर बकऱ्याच मुख्य असतात. विचारा माझ्या बायकोला, ती त्यांच्याच घराण्यातली."

"आणि कांदावूचे जावई त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसतात," मी म्हटलं.

पॅटबाई खो खो हसल्या. "म्हणजे विचारायला कुणीच नाही?"

"कुणी नाही," वेरेमो म्हणाला. जुडी परत कपाटात गेली.

मीही हसले होते. ते हसणं मला अजून टोचतं.

बोटीवर पाणी मोजून वापरावं लागायचं. तीन दिवसांच्या खाऱ्या हवेनं नेमानीच्या मानेला, जांघेत लाल पुरळ उठलं होतं. ओहोटी लागली तशी वेरेमो मला छोट्या होडीतून किनाऱ्यावर सोडून मासे धरायला गेला. मला किनाऱ्यावर एका जागी वाळू ओली, काळी दिसली. हातानं उकरलं तर पाणी वर आलं. चाखलं, गोडं होतं. गारही नाही, कोमट. मला इतका आनंद झाला! ओंजळीनं पाणी घेऊन मी नेमानीला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घातलं. मग त्याला ओल्या वाळूवर उघडाच निजवला आणि फडकी पिळायला लागले.

फडकी वाळत घालायला फांदी शोधत झाडीत चार पावलं गेले, आणि पायाला दगड लागला. खाली बघितलं. दगड ओळीत होते. गुडघ्याएवढा उंच चौथरा, चारी बाजूंनी दगड लावलेला, वर गवत. घराचा चौथरा. त्याच्या पलीकडे दुसरा. तिसरा... डोळे झाडीतल्या अंधाराला सरावले तसे ते एकामागून एक वर येत गेले, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मधून रस्ता सोडलेला. नीरफणसाची जुनी झाडं, कुणीतरी लावलेली, अंतरा-अंतरानं. आणि प्रत्येक चौथऱ्याच्या कडेनं रानहळद माजलेली, कमरेएवढी.

आई सांगायची ते तेव्हा आठवलं. वुनिवासा हे आमचं मूळ गाव नव्हे. जुनं गाव छोट्या बेटाच्या आड होतं, जिथं ओहोटीला वाळूतून पाणी निघतं. गोवराची साथ आली त्या वर्षी ते सोडलं. आईच्या आजीच्याही आधीची गोष्ट. साथीत मोठी माणसं किती गेली कोण जाणे, पण तान्हं मूल एकही उरलं नाही. जी माणसं जगली ती निघून गेली. बाकीची तिथंच राहिली, असं आई म्हणायची. मेली, असं ती कधी म्हणायची नाही. राहिली म्हणायची. त्या गावाचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. 'जुनं गाव' एवढंच.

मी धावत परत आले. नेमानी वाळूवर होता तसाच होता. पाय हलवत नव्हता, हात हलवत नव्हता. झाडीकडे मान वळवून पडला होता.

मी त्याला उचलला, अंगावरची वाळू झटकली, पुसलं, परत पुसलं. पण न्हाऊ घातलेलं पाणी कसं पुसणार?

वेरेमोला मी काही सांगितलं नाही. म्हटलं, उगाच चिडेल. म्हटलं, उद्या सकाळी निघून जाऊ, कुणाला कळणार आहे...

जेवायच्या आधी वेरेमोनं प्रार्थना म्हटली. मासा आणि उकडलेला कसाव्याचा कंद होता. सूर्य गेला होता, पण वर अजून उजेड होता. पॅटबाईंनी काटा खाली ठेवला.

"कुठंतरी भट्टी लावलीय," त्या म्हणाल्या. "जमिनीतली. पानं जळल्याचा वास येतोय."

मला तो वास आधीच आला होता. आणि त्याच्या खाली दुसरा, खोबरेल तेलात हळद खलल्याचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तो.

वेरेमोनं किनाऱ्याकडे बघितलं. "धूर तर नाही."

"रानटी डुकरांच्या शिकारीला कुणी आलं असेल."

"असेल."

मग तो आवाज आला.

तुम्ही ऐकला असेल. दोन्ही हात ओंजळीसारखे पोकळ करून एकमेकांवर आडवे मारले की जो निघतो तो. साध्या टाळीचा नाही, खोल. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. सभेत पुरुष मारतात तशी टाळी. एक. मग बराच वेळ काही नाही. मग अजून एक.

"मासा उडाला असेल," पॅटबाई म्हणाल्या.

 वेरेमोचा हात पाण्याच्या पेल्यावर तसाच राहिला होता.

अंधार पडला. वारा समुद्राकडून यायला लागला, बारीकसा. आणि पॅटबाई अस्वस्थ झाल्या. त्या दोनदा पुढे जाऊन साखळी बघून आल्या, मग बॅटरी पाण्यावर मारून बसल्या.

"हे बरोबर नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते. वारा समुद्राकडून आहे. मग आपलं तोंड जमिनीकडे का?"

"पाण्याची ओढ असेल," वेरेमो म्हणाला.

"ओढ नाही. भरती पुरी झालीय, पाणी थांबलंय. हे बघ." त्यांनी कसाव्याचं साल पाण्यात टाकलं. ते जागच्या जागी राहिलं. बॅटरीच्या उजेडात ते काळ्या पाण्यावर कसं स्वस्थ पडलं होतं, आणि एवढी मोठी बोट मात्र वाऱ्याच्या उलटी, किनाऱ्याकडे नाक करून, जणू कुणी दोरीनं धरलेली.

मी खाली नेमानीजवळ गेले. त्याला डोकं दाराकडे करून निजवलं होतं. तो जागा होता, मान किनाऱ्याच्या बाजूला. मी त्याला उलटा फिरवला. मान हळूहळू वळली, परत त्याच बाजूला. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही.

मी वर आले आणि सगळं सांगून टाकलं. चौथरे, पाणी, आईनं सांगितलेलं. चिठ्ठीचंही. ते एकदा बाहेर पडायला लागलं आणि थांबेना.

वेरेमो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आंघोळ घातलीस?" तो एवढंच म्हणाला. "त्या पाण्यानं?"

"मला माहीत नव्हतं रे..."

"आणि मी बकऱ्या म्हणालो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्यांच्या दारात बसून."

पॅटबाई अंधारात बसून सिगारेट ओढत होत्या. दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, वेडे आहात का.

"मी तीस वर्षं मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसले," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते करा. होडी तयार आहे. बॅटरी नेणार असाल तर न्या."

"बॅटरी नको," वेरेमो म्हणाला.

आम्ही लगेच गेलो नाही. अंधारात अशा ठिकाणी जात नाहीत. पहाटेची पहिली फिकट रेघ दिसेपर्यंत वेरेमो देवमाशाचा दात मांडीवर घेऊन बसून राहिला. त्या वेळात ती टाळी अजून तीन वेळा आली. घाई नव्हती तिच्यात. पाहुणा दाराशी येऊन गप्प उभा राहिला की घरातलं माणूस खाकरतं, तसं.

ओहोटी लागली होती. वेरेमोनं वल्ही मारली, मी नेमानीला छातीशी धरून बसले, तोंडावर फडकं टाकून. पायाशी दोन चटया होत्या, गावासाठी आणलेल्या. वाळूला होडी लागली तसा तो वास अंगावरच आला. आता तो लांबून येत नव्हता. शेजारी माणूस बसलं की त्याच्या केसांच्या तेलाचा येतो, तसा.

आम्ही पाण्याच्या रेषेपासून पुढे गेलो नाही. वेरेमोनं चटया अंथरल्या. मी खाली बसले, डोकं खाली घालून. तो माझ्यापुढे मांडी घालून बसला, दात दोन्ही हातांत धरला. त्याचा आवाज बोटीवर केवढा असतो! इथं तो मला जेमतेम ऐकू येत होता.

"आम्ही कांदावूहून आलोय," तो म्हणाला. "मोठं काही आणलेलं नाही. तुमच्या लेकीचा मुलगा आणलाय. तुम्हाला विचारल्याशिवाय नांगर टाकला, तुमचं पाणी घेतलं, आणि मी बोलू नये ते बोललो. ते माझं. पोराचं नाही. पोरीचंही नाही. हा लहानसा दात... पदरात घ्या."

त्यानं दात चटईच्या कडेवर ठेवला आणि मागे सरकला.

काही झालं नाही. लाटही वाजत नव्हती. मग मला जाणवलं की हवा गरम झालीय. देवळात रविवारी सगळे बाक भरतात, दारं लावतात, मग हळूहळू ऊब चढते, तशी. वारा होता, समोरच्या नारळाच्या झावळ्या हलत होत्या, पण आमच्यापर्यंत तो पोचत नव्हता. आमच्यामध्ये आणि वाऱ्यामध्ये कितीतरी जण बसले होते.

मी बघितलं नाही कुणाला. खोटं कशाला सांगू? वाळू दिसत होती, फिकट, मोकळी. पण भीती वाटायला हवी होती तशी ती वाटत नव्हती. छातीत काहीतरी मोठं भरून आलं होतं. लहानपणी पहिल्यांदा देवमासा बघितला होता, बोटीच्या अगदी बाजूला वर आला होता, तेव्हा वाटलं होतं तसं. ओरडायचंही सुचत नाही.

"फडकं काढ," वेरेमो कुजबुजला.

मी नेमानीच्या तोंडावरचं फडकं काढलं.

त्यानं बघितलं.

नुसतं उजेडाकडे नव्हे. त्याची नजर एका जागी थांबली, माझ्या डाव्या हाताला, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. थांबली, आणि त्याच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, लहान मुलं नवीन माणूस न्याहाळताना पाडतात तशी. मग नजर तसूभर सरकली. पुन्हा थांबली. मग पुढे. एकेका तोंडापाशी थांबत थांबत ती पहिल्या ओळीवरून गेली, मग वर, मागच्या ओळीवरून, चौथऱ्यांच्या बाजूला, झाडीत, जिथं मला काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. आणि माझा मुलगा हसला. दात नसलेलं, सगळं तोंड उघडून. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

माझे डोळे गळायला लागले. चार महिने मी ज्याची वाट बघत होते ते मला मिळत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

मग माझ्या हातांतलं ओझं गेलं.

कसं सांगू तुम्हाला... हात तिथंच होते. फडकं तिथंच होतं. नेमानीचं अंग हाताला लागत होतं, मऊ, कोमट. पण वजन नव्हतं. वाळलेली पानं फडक्यात गुंडाळून धरावीत, तसं. आणि लांबून, त्या चौथऱ्यांच्या मधून, मला त्याचं खिदळणं ऐकू आलं. एका चौथऱ्यावरून. मग पुढच्या. हातोहात चाललं होतं ते, वर, डोंगराकडे. मध्येच एखादी बाई गुणगुणल्यासारखा आवाज यायचा आणि विरून जायचा.

"वेरेमो," मी म्हटलं. "वेरेमो, ते नेतायत..."

"मागू नकोस." तो चटईकडेच बघत म्हणाला. "मूल बघायला दिलं की मागायचं नसतं. ते देतील. बस गप्प."

मी बसले. आईचं नाव घेत बसले. नेमानीचं नाव घेत बसले. आई म्हणायची ते डोक्यात घण मारल्यासारखं वाजत होतं, तान्हं मूल एकही उरलं नाही. त्या सगळ्या चौथऱ्यांवर इतकी वर्षं एकही मूल हातात घ्यायला मिळालं नव्हतं. त्यांनी का द्यावं परत?

समोरच्या बेटामागे आभाळ तांबडं झालं. खिदळणं जवळ येत होतं, थांबत थांबत. मग माझे हात एकदम खाली दबले, आणि नेमानीनं मोठ्यांदा भोकाड पसरलं.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या, एकत्र, खोल. एक, दोन, तीन. वाळू थरथरली. मग वारा थेट माझ्या तोंडावर आला, गार, आणि जाणवलं की किनारा रिकामा झाला होता.

चटईच्या कडेवर दात नव्हता. वेरेमोनं आजूबाजूची वाळू चाळली, चटया झटकल्या. होडीपासून चटईपर्यंत आमच्या दोघांचीच पावलं होती. मी नेमानीकडे बघितलं. तो रडायचा थांबला होता, पापण्यांवर थेंब होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. सरळ, माझ्या डोळ्यांत. त्याच्या कपाळाला, दोन्ही गालांना हळद लागली होती.

बोटीवर परत आलो तर तिचं तोंड समुद्राकडे होतं. पॅटबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी नेमानीला घेतलं, त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, त्यानं ते नजरेनं धरलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघून हसला.  मग पॅटबाई यंगोनाची जुडी घेऊन एकट्याच होडीत बसल्या, किनाऱ्यावर गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या.

वुनिवासात आम्ही दाताशिवाय गेलो. वेरेमोला मान वर करवत नव्हती. पण गावानं आधीच चटया अंथरल्या होत्या, भट्टी उघडली होती. अकानिसी मावशी पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "आत या रे. झालंय ते. पहाटे आम्ही इथं ऐकल्या टाळ्या. गावातला एक कुत्रा भुंकला नाही."

मग तिनं नेमानीला मांडीवर घेतलं. तो तिच्याकडे बघून हसला. गाव बघत होता, आणि मी चार महिने ज्या क्षणाला भ्याले होते तो असा, फुलासारखा पार पडला. मावशीनं अंगठ्यानं त्याच्या कपाळावरची हळद थोडी पुसून नाकाशी नेली.

"किती जणांनी घेतलं?" तिनं हळूच विचारलं.

"मी मोजलं नाही, मावशी."

"मोजायला हवं होतंस, बाळा. जितक्यांनी घेतलं तितक्यांनी दिलं का, ते बघायचं असतं." माझं तोंड बघून तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. फार वर्षांनी मूल मिळालं त्यांना. एखादीचं मन भरलं नसेल..."

नेमानी आता दहा महिन्यांचा आहे. गुबगुबीत आहे, धरून उभा राहतो, सगळ्यांना ओळखतो, बापाचे कान ओढतो. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मी फाडून टाकली. गेल्या आठवड्यात सुव्याच्या दवाखान्यात लस टोचायला नेला. नर्सनं त्याला काट्यावर ठेवलं, कार्ड बघितलं, परत काटा बघितला. चौथ्या महिन्यात तो सहा किलो दोनशे होता. आताही सहा किलो दोनशे. तिनं दुसरा काटा आणला. त्यावर आधी साखरेचं पुडकं ठेवून बघितलं, ते बरोबर भरलं. मग नेमानीला ठेवलं. "एवढं धष्टपुष्ट पोर," ती म्हणाली, आणि आकडा लिहिला, खोडला, परत तोच लिहिला.

मला आश्चर्य वाटलं नाही. घरात मीच त्याला उचलते.

वेरेमोला मी हे सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. कधी कधी पहाटे, ओहोटी लागली की, तो माझ्या मांडीवर झोपलेला असताना एकदम जड होतो. दहा महिन्यांचं मूल असावं तेवढा, पुरता. मांडीला रग लागते. खोलीत हळदीच्या तेलाचा वास येतो. तो डोळे उघडून माझ्याकडे बघतो, पोटभर बघतो, लांबून आलेलं माणूस बघतं तसा. मी हात आवळून घेते. मागत नाही. काहीच बोलत नाही. मग बाहेर उजाडायला लागतं, आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे जाते, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर थांबते, तो हसतो, आणि माझे हात पुन्हा हलके होतात.